नीतीला मी गेलो, काकू खाली थांबल्या

नीतीला जायचं ठरलं ते लंडनच्या स्टॅनमोरला, सुमनकाकूंच्या स्वयंपाकघरात. काकांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. पाहुणे गेले होते आणि मी पातेली पुसून जागेवर ठेवत होतो. काकू मध्येच म्हणाल्या, "अमोल, तुला ऑक्टोबरमध्ये सुट्टी मिळेल का रे?"

मी म्हटलं, "कशाला?"

"नीतीला जायचंय. गुडघे आहेत तोवर."

आधी थोडी ओळख करून देतो. मी बर्मिंगहॅममध्ये वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करतो. शिक्षण बारावीनंतर सुटलं, पण माणसांना उठवणं, बसवणं, भरवणं मला चांगलं जमतं. या देशात आलो तेव्हा माझं इथे कुणीच नव्हतं. कराडच्या एका दूरच्या ओळखीवर काका-काकूंनी मला आपल्या छोट्याशा बॉक्सरूममध्ये ठेवून घेतलं. नोकरीच्या जागी खोली मिळेपर्यंत मी त्यांच्याकडेच जेवलो आणि त्यांच्याकडेच झोपलो. त्यामुळे काकू "चल" म्हणाल्या की मी कुठे, कसं वगैरे फार विचारत नाही. मनात काळजी मात्र सुरू होते, ती माझी सवय आहे.

नीती हे उत्तराखंडमधलं, तिबेटच्या बाजूचं आपल्याकडचं टोकाचं गाव. त्याच्या पलीकडे डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांत सरहद्दीची रेघ नेमकी कुठे आहे यावर भारत आणि चीन यांचं अजून एकमत नाही. काका तरुणपणी रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका तुकडीबरोबर तिथे गेले होते. तिथे त्यांना जोराचा ताप भरला, बर्फ पडलं, वाट बंद झाली आणि एका घराने त्यांना सांभाळलं. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी बऱ्याच वेळा ऐकली होती. काका सांगायचे, "रात्री सगळं गाव अंगणात जमून गायचं. परक्या माणसासाठी! मी आत पडून ऐकायचो." त्यांना त्या घरातल्या आईचं नाव माहीत नव्हतं. तापातून उठले तोवर जवान आले आणि त्यांना खाली घेऊन गेले. आभार मानायचे राहिले, ते राहिलेच. पुढे काका इंग्लंडला आले, लग्न, नोकरी, घराचे हप्ते यात वर्षं गेली. आणि मग एका हिवाळ्यात काकाच गेले.

"कुणीतरी जाऊन सांगायला हवं ना, की तो माणूस जगला, त्याला मुलगा झाला, नात झाली," काकू म्हणाल्या. त्यांना तेवढंच हवं होतं. त्या घरात बसायचं आणि हे सांगायचं.

मी तयारीला लागलो. काकूंच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रवासाचा विमा, गरम मोजे, बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र. काकूंचा मुलगा समीरदादा ग्लासगोला डॉक्टर आहे, ईशा ही त्याची मुलगी. त्याने फोनवर मला अर्धा तास सूचना दिल्या आणि शेवटी म्हणाला, "आईला काही होऊ देऊ नकोस रे." त्यानंतर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

हीथ्रोहून दिल्ली, दिल्लीहून सकाळच्या गाडीने हरिद्वार, असे गेलो. हरिद्वारला टॅक्सी ठरवली होती. ड्रायव्हरचं नाव दिगंबर. नाव ऐकून काकू खूश झाल्या. "मराठी का हो तुम्ही?" त्यांनी थेट मराठीतच विचारलं. तो हसून म्हणाला, "नहीं माताजी, गढ़वाली। पर एक महीना नासिक में ट्रक चलाया है।" तेवढ्यावर काकूंनी त्याला घरचा करून टाकला.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: हरिद्वारहून जोशीमठ एका दिवसात होतं, पण वयस्क माणूस बरोबर असेल तर मध्ये मुक्काम करा. आम्ही रुद्रप्रयागला राहिलो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात ते रस्त्यावरूनही छान दिसतं. एक नदी हिरवी आणि दुसरी मातकट, थोडं अंतर दोघी एकमेकींत मिसळतच नाहीत. रस्ता रुंद झालाय, पण डोंगर अजून सुटे आहेत. दगड पडले की वाहतूक थांबते. अशा वेळी चिडून उपयोग नाही. टपरीवर मॅगी आणि चहा मिळतो आणि शेजारच्या गाडीतली माणसं त्यांच्या डब्यातली पुरी आग्रहाने देतात. उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, वळणं सुरू झाल्यावर घेऊन फायदा नसतो.

जोशीमठला काही घरांच्या भिंतींना मोठ्या भेगा आहेत आणि त्यांवर खुणा केलेल्या आहेत. आम्ही उतरलो ते हॉटेल बाजाराच्या वरच्या अंगाला होतं. खोलीचे हजार रुपये, गरम पाणी बादलीने. हॉटेलमालकाच्या बायकोने काकूंच्या पायांकडे बघून न विचारता पायांखाली ठेवायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परवान्यासाठी तहसीलला गेलो. नीतीच्या बाजूला जायला परवाना लागतो. माझ्याजवळ आधार कार्ड, त्याच्या प्रती, फोटो, सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये होतं. काकूंचेही फोटो होते. खिडकीतल्या साहेबांनी माझे कागद बघितले आणि मान हलवली. मग काकूंना म्हणाले, "माताजी, आपका आधार?"

काकूंनी पर्समधून आपलं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते, काढून दिलं. त्यांना ते कार्ड फार प्रिय आहे. त्यावर आजन्म व्हिसा लिहिलेला आहे, आणि दिल्लीच्या विमानतळावर ते दाखवून आम्ही हसत बाहेर आलो होतो.

साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ये तो विदेशी में आएगा, माताजी।"

"विदेशी?" काकू म्हणाल्या. "अहो, हम कराड का है।"

"होंगी जी। पासपोर्ट कहाँ का है?"

पासपोर्ट ब्रिटिश होता. साहेब चांगले होते, त्यांनी आम्हाला आत बोलावून बसवलं आणि समजावलं. आतल्या हद्दीच्या, म्हणजे इनर लाइनच्या, पलीकडे विदेशी माणसाला वेगळी परवानगी लागते, ती इथे मिळत नाही, तिला वेळ लागतो आणि मिळेलच असंही नाही. ओसीआय असलं तरी तेच.

मी काकूंच्या गोळ्यांची दोनदा मोजणी केली होती. जोशीमठच्या दवाखान्याचा नंबर शोधून ठेवला होता. पण सुमनकाकूंना कुणी विदेशी म्हणेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या बाई स्टॅनमोरमध्ये राहून दर संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघतात, त्या विदेशी कशा असतील? इथल्या आपल्या अनेक घरांत आई-वडिलांचा पासपोर्ट कधीच बदललेला असतो आणि कुणाच्या ते लक्षातही नसतं. म्हणून ठळक लिहितो: सरहद्दीजवळ कुठेही जायचं असेल तर बरोबरच्या प्रत्येकाचा पासपोर्ट कुठला आहे ते तिकीट काढण्याआधी बघा, आणि नियम तिथल्या कार्यालयातून विचारून घ्या. ओसीआय कार्डावर विसंबू नका.

बाहेर पायऱ्यांवर काकू बसल्या. रडल्या नाहीत. चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझा परवाना झालाय ना?"

"काकू, मी तुम्हाला इथे सोडून नाही जाणार. समीरदादा मला..."

"समीरला मी बघते. तू जा. ते घर सापडलं तर सांग त्यांना. आणि मी इथे आहे म्हणून सांग."

मी बराच वेळ नाही नाही म्हणत राहिलो. हॉटेलमालकीण मध्ये पडली. "हम क्या मर गए हैं यहाँ? जाइए भैया।" दिगंबरही म्हणाला, कल जाएँगे, परसों शाम तक वापस. काकूंचा रक्तदाब पाहून, गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून मी दुसऱ्या दिवशी निघालो. मागे वळून पाहिलं तेव्हा काकू गच्चीतून हात हलवत होत्या, जणू मीच म्हातारा होतो.

जोशीमठहून नीतीचा रस्ता धौलीगंगेच्या काठाने जातो. तपोवनला गरम पाण्याचे झरे आहेत. सुराईठोटा गावानंतर दरी इतकी अरुंद होते की खिडकीतून डोंगराचा माथा बघायला मान पार मागे न्यावी लागते. मध्ये चौकीवर परवाना बघतात, नोंद करतात. पुलांचे आणि लष्करी ठाण्यांचे फोटो काढू नका. मलारी ओलांडल्यावर झाडं संपतात आणि डोंगर उघडे, पिवळे-तपकिरी होतात. लष्कराचे ट्रक समोरून आले की आपली गाडी कडेला घेऊन थांबायचं. नीतीच्या वेशीवर पाटी आहे, त्यावर गावाला देशाचं पहिलं गाव म्हटलंय. दिगंबर म्हणाला, "पहले आख़िरी लिखते थे। अब पहला है। रोड वही है।"

नीती दगड-लाकडाचं गाव आहे. जुन्या दारांवर कोरीवकाम आहे. मी पोचलो तेव्हा गाव आवरत होतं, म्हणजे खरोखरच आवरत होतं. या खोऱ्यातली माणसं उन्हाळा वर काढतात आणि बर्फाच्या आधी सगळं गाव खाली, चमोलीच्या बाजूला आपल्या हिवाळी गावांत उतरतं. ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मग वर फक्त जवान राहतात. अंगणांत गाद्या गुंडाळल्या जात होत्या, राजमा पोत्यांत भरला जात होता, कुणी खिडक्यांना फळ्या ठोकत होतं.

मी देवळाजवळ उभ्या असलेल्या एका माणसाला विचारलं की फार वर्षांपूर्वी इथे एक मराठी माणूस आजारी पडला होता, रस्त्याच्या मोजणीवाला, त्याला कुणी ठेवून घेतलं होतं? तो माणूस म्हणजे महेंद्र. पंचेचाळिशीचा, मळकी टोपी घातलेला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि वरच्या घराकडे तोंड करून ओरडला, "माँ! तेरा बीमार बाबू आया है!"

घर सापडायला मला एवढाच वेळ लागला. अख्ख्या प्रवासात मी ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती ते सगळ्यात सोपं निघालं.

महेंद्रची आई चंद्रादेवी सत्तरीच्या पुढच्या आहेत, बुटक्या आणि ताठ. काळ्या लोकरी वस्त्रावर कमरेला पांढरा पट्टा. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ये वो नहीं है। वो लंबा था।"

मी सगळं सांगितलं. काका गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली लोकर खाली ठेवली. ज्यांनी काकांना सांभाळलं त्या त्यांच्या सासू, रुक्मादेवी. त्या जाऊन खूप वर्षं झाली. त्या वेळी चंद्रादेवी नव्या सूनबाई होत्या. मी म्हटलं, काकांची बायको आली आहे, इंग्लंडहून, पण खाली जोशीमठला अडकली आहे.

"अकेली?"

"जी।"

"मेहमान को नीचे छोड़ के तू यहाँ चाय पी रहा है?" असं म्हणून त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. तो चहा लोणी घातलेला, खारट. मला सूपसारखा लागला आणि आवडला. फाफराच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या जाड पोळ्या आणि राजमा जेवायला होता. महेंद्रच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत, जेवणासकट दीड हजार रुपये. मे ते ऑक्टोबर एवढाच मोसम असतो.

मी चंद्रादेवींना विचारलं की त्या दिवसांतलं काही सांगाल का, मी काकूंना जाऊन सांगेन. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करू का, असंही विचारलं.

"ना," त्या म्हणाल्या. "जिसकी बात है उसी को बोलूँगी। मुँह सामने।"

"वो ऊपर नहीं आ सकतीं," मी म्हटलं.

"तो हम तो जा ही रहे हैं नीचे।"

मला हे सुचलंच नव्हतं. जी रेघ काकूंना ओलांडता येत नव्हती ती हे सगळं गाव दर वर्षी दोनदा ओलांडतं. चंद्रादेवींचं हिवाळी घर चमोलीच्या अलीकडे, अलकनंदेच्या काठाला आहे. आम्ही येताना त्याच्याच समोरून गेलो होतो. मी लगेच म्हटलं, उद्या सकाळी माझ्याच गाडीतून चला.

महेंद्र हसला. देवीची निरोपाची पूजा परवा होती. त्याआधी कुणी घराला कुलूप लावत नाही आणि कुणी उतरत नाही. चंद्रादेवींनी तर विषयच संपवला, "देवी से पहले नहीं।"

आता माझी पंचाईत झाली. काकूंना मी उद्या संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं होतं. फोनला रेंज नव्हती. परतीचं विमान जवळ आलं होतं. खाली गेलो तर काकूंना काय सांगणार, की घर सापडलं, माणसं सापडली, पण मी घाईत निघून आलो? आणि थांबलो तर काकू काळजीने आजारी पडतील असं वाटत होतं. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. शेवटी दिगंबर म्हणाला, "भैजी, मैं जाता हूँ। माताजी के पास मैं रहूँगा। आप इनके साथ आना।" मी त्याला काकूंसाठी निरोप दिला: चंद्रादेवी येताहेत, मी त्यांच्याबरोबर येतोय, गोळ्या वेळेवर घ्या.

तो गेला. मग मी दोन दिवस गावाच्या हाताखाली काम केलं. पोती शिवली, फळ्या धरल्या, एका आजोबांना गच्चीवरून उतरवलं. ते म्हणाले, "पकड़ना तो आता है तुझे।" मला फार बरं वाटलं. पूजेच्या दिवशी ढोल वाजले, सगळ्यांच्या कपाळाला टिळा लागला, माझ्याही. मग एकेका घराला कुलूप. चंद्रादेवी कुलूप लावल्यावर दाराला कपाळ टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. गाव बघता बघता रिकामं झालं. शेवटच्या गाड्या सुटल्या तेव्हा मी मागे पाहिलं. सगळी दारं बंद, एकाही घरातून धूर नाही, वरच्या कड्यांवर ताजं बर्फ. मला भीती वाटली. इथे एक रात्रही एकट्याने राहायला मी तयार झालो नसतो.

महेंद्रच्या पिकअपमध्ये गाद्या, पोती, एक शिलाई मशीन, मागे मी आणि पुढे चंद्रादेवी. जोशीमठला हॉटेलवर थांबलो तर काकू तिथे नव्हत्या. मालकीण म्हणाली, "वो तो सुबह ही निकल गईं, आपके ड्राइवर के साथ।" कुठे? तिला नीट माहीत नव्हतं. पुढचा सगळा उतार मी वाईट गोष्टींचा विचार करत काढला.

हिवाळी गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. रस्त्यापासून थोडं खाली, संत्र्याच्या झाडांमागे महेंद्रचं घर. दाराला कुलूप होतं आणि दारातल्या ओट्यावर सुमनकाकू बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात शेजारून मागून आणलेला झाडू. सहा महिने बंद असलेल्या घराचं अंगण त्यांनी लख्ख झाडलं होतं. दिगंबर हँडपंपावरून पाण्याची बादली आणत होता. या घराची खूण त्याने नीतीतच महेंद्रला विचारून ठेवली होती.

"ऐकतच नाहीत हो," असं तो त्याच्या नाशिकच्या मराठीत मला म्हणाला.

चंद्रादेवी पिकअपमधून उतरल्या आणि काकूंचं "आइए, आइए" ऐकून थबकल्या. "घर मेरा, और मेरे को ये बुला रही है अंदर," त्या महेंद्रला म्हणाल्या. काकूंना समजलं. त्या उठून पुढे गेल्या आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. कोण कुणाच्या पाया पडणार यावर थोडी ओढाताण झाली. गुडघ्यांमुळे दोघींनाही ते जमलं नाही आणि दोघी हसायला लागल्या.

काकूंनी आपलं ठरवलेलं बोलून टाकलं, तुटक्या हिंदीत, उभ्या उभ्याच. "वो बच गया। बहुत साल जिया। एक बेटा है, डॉक्टर है। एक पोती है। आपकी सासूबाई के कारण।"

चहा झाल्यावर चंद्रादेवींनी सांगायला सुरुवात केली. काकू म्हणाल्या, "वो हमेशा बोलते थे, पूरा गाँव रात को आँगन में गाता था।"

"गाँव?" चंद्रादेवी म्हणाल्या. "कौन सा गाँव? गाँव तो नीचे था।"

काका आजारी पडले ते गाव उतरण्याच्या दिवसांतच. तुकडीतली माणसं मदत पाठवतो म्हणून पुढे गेली. देवीची पूजा झाली, कुलपं लागली, गुरं-माणसं सगळी खाली गेली. काकांना उठवून बसवताही येत नव्हतं. रुक्मादेवी म्हणाल्या, मी थांबते. एकटीला हा लांब माणूस उचलता येणार नाही, म्हणून त्यांनी नव्या सुनेलाही थांबवून घेतलं. चंद्रादेवींचं लग्न होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. नवरा मेंढ्या घेऊन खाली गेला होता. मग बर्फ पडलं. मदत यायला फार दिवस लागले.

"मैं रोज़ सास से लड़ती थी," त्या म्हणाल्या. "बोलती थी, ये मर जाएगा और हम भी मरेंगे। लकड़ी ख़त्म हो रही थी। रात को इतना डर लगता था, इतना डर, कि हम दोनों ज़ोर-ज़ोर से गाते थे। एक इस कोने से, एक उस कोने से। कि जानवर को लगे, भूत को लगे, बहुत लोग हैं।"

काकू ऐकत राहिल्या. त्यांचा चहा गार झाला होता. काकांनी जन्मभर सांगितलेलं ते गाणारं गाव म्हणजे रिकाम्या गावातल्या दोन घाबरलेल्या बायका होत्या.

"और वो क्या कर रहे थे?" काकूंनी शेवटी विचारलं.

"रोता था। चाय थूकता था। बोलता था, इसमें नमक क्यों है।" चंद्रादेवी पदर तोंडाला लावून हसल्या. "अच्छा लड़का था। पर बहुत तंग किया।"

काकू हसता हसता रडल्या. "हमको मालूम नहीं था," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "उनको भी मालूम नहीं था। मैं कैसे आपका... इतना सा थँक यू बोलने आई थी मैं।" आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "अमोल, सांग ना रे त्यांना. मला हिंदीत येत नाही."

मलाही मराठीत येत नव्हतं. चंद्रादेवींनीच काकूंचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"हम उसके लिए रुके," त्या म्हणाल्या. "तू हमारे लिए रुकी। बस।"

त्या रात्री आम्हाला त्यांनी जाऊ दिलं नाही. दोघी एकाच खोलीत झोपल्या. दुसऱ्या दिवशी निघताना महेंद्रने राजम्याची पिशवी दिली. ती हरिद्वारला बॅगेत बसेना म्हणून मी माझं जॅकेट दिगंबरला दिलं आणि राजमा आणला. त्याबद्दल मला जराही वाईट वाटलेलं नाही.

विमानात काकू खिडकीशी होत्या. मी बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. "काकू, मी तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा तुमची काही अडचण झाली होती का?"

"आता विचारतोस?"

"सांगा ना."

"समीर ईस्टरला येणार होता, ईशाला घेऊन. त्याला सांगितलं जागा नाही, पुढच्या वेळी ये. चिडला होता तो." त्यांनी ब्लँकेट अंगावर ओढून घेतलं. "काकांनाही सांगितलं होतं, अमोलला कळू देऊ नका. झोप आता."

मी झोपलो नाही. पण ती जाग काळजीची नव्हती.

बर्मिंगहॅमला परत येऊन आता काही महिने झाले आहेत. कामाच्या पाळ्यांचा रोटा पहिल्यासारखाच आहे. कुणी विचारलं की नीतीत बघण्यासारखं काय आहे, तर मी डोंगर, धौलीगंगा, कोरलेली दारं सांगतो आणि ते सगळं खरंच सुंदर आहे. जा, पण सप्टेंबरअखेरीस किंवा जूनमध्ये जा, गाव भरलेलं असताना. होमस्टेमध्ये राहा, म्हणजे पैसे गावात राहतील. खारा चहा थुंकू नका.

नाताळच्या सुट्टीत मी स्टॅनमोरला गेलो होतो. समीरदादा, वहिनी आणि ईशा ग्लासगोहून आले होते. ईशा दहा वर्षांची आहे, तिचं मराठी थोडं धडपडत चालतं. जेवणानंतर तिने नेहमीची फर्माईश केली, आजोबांची बर्फाची गोष्ट. ती गोष्ट आजवर काकाच सांगायचे, आणि ती "मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो" अशी सुरू व्हायची.

काकूंनी ईशाला जवळ घेतलं. "एक रुक्मा नावाची बाई होती," त्यांनी सुरुवात केली, "आणि चंद्रा नावाची तिची नवी सून. सगळं गाव निघून गेलं आणि त्या दोघीच मागे राहिल्या."

समीरदादाने मान वर केली. ही गोष्ट त्याच्याही ओळखीची नव्हती. काकूंनी सगळं सांगितलं, संपत चाललेली लाकडं, सासू-सुनेची भांडणं, दोन कोपऱ्यांतून गायलेली गाणी. ईशा तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"पण आजी, आजोबा काय केला?" तिने विचारलं.

"तुझे आजोबा?" काकू म्हणाल्या. "ते झोपले होते गं."